पिवळ्या तोंडाची थोरली

मी एक जुने डिझेल इंजिन आहे, मित्रांनो. आता मी धावत नाही. माझ्या पोटातले यंत्र कधीच काढून नेले. आत कबुतरे राहतात आणि त्यांचे एकमेकांशी फारसे पटत नाही. तुम्ही माझ्या पायऱ्या चढता, दांड्याला लोंबकळता, माझ्या तोंडासमोर उभे राहून फोटो काढता. तुमचे हात उबदार असतात. म्हणून वाटते, या मुलांना एकदा सगळे सांगून टाकावे. गोष्ट आनंदाची नाही. पण तुम्हीही आता पाळण्यातली बाळे नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. जाड पोलादी पत्रे कापले, वाकवले, जोडले. माझ्याभोवती सारख्या ठिणग्या उडत होत्या. शेजारीच, अगदी माझ्याच मापाचे, आणखी एक इंजिन तयार होत होते. फाटकातून मी आधी बाहेर पडले आणि ती माझ्या मागून, म्हणून मी थोरली आणि ती धाकटी. कागदोपत्री आम्हाला नंबर होते. पण शेडमध्ये रंगकाम करणारी ताई म्हणायची, "नंबराने हाक मारायला त्या काय कैदी आहेत?" तिने ठेवलेली नावेच मग सगळ्यांच्या तोंडी बसली.

आमची रेल्वे लहान होती. डोंगरातल्या खाणीतून खडी भरायची आणि खाली बंदरावर नेऊन ओतायची, हे मुख्य काम. सकाळ-संध्याकाळ माणसांचे दोन डबे. मालक एकच होते आणि ते स्वतः शेडमध्ये येऊन, कोटाची पर्वा न करता, इंजिनाखाली वाकून बघायचे. आम्ही आलो तेव्हा आमच्या अंगावर नुसते तांबूस अस्तर होते. मालकांनी हिरवा रंग आणून ठेवला होता. ताईने मला पाठीकडून रंगवायला घेतले आणि तोंडाशी येईपर्यंत रंगाचे डबे संपले.

"मालक, हिरवा संपला. तोंडाला काय लावू?"

"शिल्लक काय आहे?"

"पिवळा आहे. पाण्याच्या टाक्यांसाठी आणलेला."

"मग लाव पिवळा. पोरगी जरा हसरी दिसेल."

माझ्या पिवळ्या तोंडाची जन्मकथा ही एवढीच, मित्रांनो. त्यात ना कसला नियम होता, ना कुणाचे फार मोठे डोके. उरलेला रंग होता. धाकटीच्या वेळी हिरवा पुरला असता, पण मालक म्हणाले, बहिणी बहिणींसारख्याच दिसू देत. पुढे आलेल्या इंजिनांनाही मग तेच रूप मिळाले.

पण रंग एकदा लागला की तो नुसता रंग राहत नाही. लोक त्याच्याकडे बघून चालायला लागतात.

खाणीच्या खाली एक छोटे स्टेशन होते. तिथे मुख्य लाइनीला लागून एक बाजूची लाइन होती. खडीचे डबे घेऊन मी आले की आधी त्या बाजूच्या लाइनीवर थांबायची. तिथे डब्यांचे ब्रेक तपासायचे आणि मगच पुढचा उतार उतरायचा. उतारावर दोन्ही अंगांना कातळ फोडून काढलेली खिंड होती. सगळा कातळ राखाडी. पाणी झिरपून तिथली खडी सारखी खचायची, त्यामुळे रूळ सांभाळणारी गँग बारा महिने खिंडीतच. खडी ठोकायच्या यंत्राचा आवाज असा, की शेजाऱ्याने कानाशी तोंड नेऊन ओरडले तरी ऐकू येऊ नये. माझा हॉर्न तर त्यात पार बुडून जायचा.

म्हणून गँगमधला एकजण उंच दगडावर उभा राहायचा आणि वर स्टेशनकडे नजर लावायचा. बाजूच्या लाइनीवर पिवळे तोंड उभे दिसते आहे तोवर काम चालू ठेवायचे. ते तोंड हलले की तो हात वर करायचा. यंत्रवाला यंत्र बंद करायचा. मग त्या शांततेत तो ओरडायचा, "पिवळं हललं!" आणि सगळी गँग लाइनीबाहेर. ते शब्द ऐकल्यावर कुणी मागे वळून बघायचे नाही, विचार करायचा नाही, हातातले हत्यार घेऊन सरळ बाहेर उडी मारायची.

हा पायंडा गँगच्या मुकादमाने पाडला होता. बुटका, रुंद माणूस. वाकलेल्या रुळाला तो "बाळा, सरळ हो की" म्हणून गोंजारायचा आणि सरळ उभ्या असलेल्या माणसांना शिव्या द्यायचा. दगडावर उभे राहायला त्याने निवडला होता रंगारी ताईचा धाकटा भाऊ. या पोराची नजर अशी तीक्ष्ण, की मुकादमानेच त्याचे नाव ससाणा ठेवले. खिंडीतून तो सांगायचा, की वर स्टेशनात चहा पिणाऱ्याने कप उजव्या हातात धरलाय की डाव्या. काहीजण त्याच्याशी पैज लावायचे आणि मग वर जाऊन तोंड पाडून परत यायचे.

मुकादमाला एकच मुलगी होती. बाप आणि गँगमधले सगळे तिला चिमणी म्हणत. ती रोज बापाचा डबा घेऊन लाइनीच्या कडेने यायची. काही दिवसांनी ती दोन डबे आणायला लागली. तेव्हा गँगने काय ते ओळखले.

"ससाण्याने चिमणी उचलली रे!" यंत्रवाला ओरडला.

"उचलतोय कसला," मुकादम म्हणाला. "चिमणीनेच त्याला चोचीत धरलाय. बघ कसा लोंबतोय!"

लग्न झाल्यावरही कामावर ससाणा सासऱ्याला मुकादमच म्हणायचा. घरी मामा, लाइनीवर मुकादम, असे मुकादमाने बजावूनच ठेवले होते. "लाइनीवर नातं नको. नातं आलं की माणूस मधेच बोलत उभा राहतो."

ते शब्द त्यांच्या घरातही शिरले होते. ताई भावाकडे जेवायला आली, की ससाणा खिडकीतून बघून बायकोला सांगायचा, "पिवळं हललं! पसारा आवर." ताई हे शेडमध्ये सगळ्यांना हसत हसत सांगायची. माझे तोंड पुसता पुसता मलाही सांगायची.

अशी कितीतरी वर्षे गेली. मालक म्हातारे झाले. एक दिवस ते शेडमध्ये आले आणि नेहमीसारखे वाकून बघण्याऐवजी माझ्या अंगावर हात ठेवून नुसते उभे राहिले. ताईने विचारले, "काय मालक, तब्येत बरी आहे ना?" ते म्हणाले, "विकली गं रेल्वे. मुलांना नको आहे." आणि गेले. पुन्हा कधी आले नाहीत.

नवी कंपनी मोठी होती. माणसेही काही वाईट नव्हती. आधी फोटो काढणारे आले, मग मोजमाप घेणारे, आणि मग एक तरुण साहेब रंगांच्या तुकड्यांची माळ घेऊन आला. त्याचे काम एवढेच, की कंपनीच्या सगळ्या गाड्या, पाट्या, टोप्या, कप एका रूपात आणायचे. शेडमध्ये त्याला सगळे रंगसाहेब म्हणू लागले. तो स्वतः बूट काढून माझ्या अंगावर चढला, कुठे काय लिहायचे ते खडूने आखले.

"ताई, सबंध इंजिन हा रंग," त्याने एक तुकडा दाखवला. "ह्याचं नाव पहाटधुके."

ताईने तुकडा उजेडात धरला. "राख म्हणा की, साहेब."

तो हसला. "राख म्हटलं तर कोण घेईल?" मग त्याने माझ्या तोंडावर बोट ठेवले. "हे पिवळं कशासाठी आहे? काही कारण आहे का? म्हणजे काढलं तर चालेल ना?"

मित्रांनो, त्याने विचारले होते. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते. पुढे लोक त्याला नावे ठेवायचे, पण त्याने विचारले होते.

ताईने जे खरे होते तेच सांगितले. "कारण कसलं? हिरवा संपला होता. मालक म्हणाले, उरलेला लाव."

"मग झालं तर," रंगसाहेब म्हणाला आणि त्याने तिथेही खडूची रेघ ओढली.

ताईला रंगाबद्दल विचारले आणि ताईने रंगाबद्दल उत्तर दिले. घरी हसत हसत ऐकलेले ते दोन शब्द तिच्या मनात दुसऱ्याच कप्प्यात होते. हा कप्पा आणि तो कप्पा तिने कधी एकत्र उघडले नव्हते. आणि खिंडीत जाऊन कुणी विचारावे, असे कुणाच्याच डोक्यात आले नाही. रंगाचे खाते शेडमध्ये, रुळांचे खाते खिंडीत.

नव्या कंपनीने रंग फवारायचे यंत्र आणले होते. ताई आयुष्यभर ब्रशने रंगवत आलेली. पहिल्या दिवशी ती नाक मुरडत होती, दुसऱ्या दिवशी कुणाला त्या यंत्राला हात लावू देईना. माझे हिरवे अंग काचकागदाने घासले, अस्तराचा हात दिला, वर राखाडीचे हात दिले. तोंड शेवटी. पिवळा रंग घासताना त्याची पूड ताईच्या केसांत, पापण्यांवर बसली. काम संपल्यावर तिने माझ्यात स्वतःचे तोंड बघितले आणि म्हणाली, "आरसा झालाय नुसता!" कंपनीचे नाव पुढे झुकलेल्या मोठ्या अक्षरांत माझ्या अंगावर आले. जणू अक्षरेही धावताहेत. समारंभ झाला, भाषणे झाली, टाळ्या वाजल्या. ताईला पुढे बोलावून तिचे कौतुक केले. ससाणा आणि चिमणी मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मुकादमही आला होता. तो माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "थोरलीला सर्दी झालेली दिसते. तोंड पार उतरलंय."

सगळे हसले. ताई सगळ्यात जास्त हसली.

त्यानंतर मला काही आठवडे बंदराच्या बाजूला, लोकांच्या नजरेसमोर फिरवत ठेवले. खडीची गाडी धाकटी ओढत होती, तिच्या जुन्याच रंगात. खिंडीतल्या गँगला रोज पिवळे तोंड दिसत होते आणि रोजचे काम रोजच्यासारखे चालले होते. मग धाकटीची रंगाची पाळी आली. ज्या दिवशी तिला शेडकडे न्यायचे होते, त्या दिवशी खडीची गाडी पुन्हा माझ्याकडे आली.

नव्या कंपनीने आणखी एक बदल केला होता. ब्रेक आता खाणीतच तपासायचे आणि स्टेशनात न थांबता सरळ उतरायचे. स्टेशनवाल्याने सकाळीच मुकादमाला तसे सांगितले होते. मुकादम म्हणाला होता, "येऊ दे की. तोंड लपवून थोडीच येणार आहे!"

आभाळ भरून आले होते. वर ढग, खाली कातळ, मधे धुळीचा पडदा. सगळे एकाच रंगाचे. मी स्टेशनाशी आले तेव्हा बाजूच्या लाइनीवर, मी नेहमी थांबायची त्याच जागी, धाकटी उभी होती. शेडकडे जाण्यासाठी वाट मोकळी व्हायची वाट बघत. तिचे पिवळे तोंड त्या राखाडी दिवसात दिव्यासारखे दिसत होते. मी तिच्या शेजारून मुख्य लाइनीने निघाले आणि उताराला लागले.

ससाणा दगडावर उभा होता. त्याची नजर सरळ आमच्याकडे होती. मी त्याला स्पष्ट बघत होते. तो डोळ्यांत तेल घालून बघत होता, मित्रांनो. तो बघत होता ते पिवळे तोंड. ते उभे होते. ते हलले नव्हते. त्याने मुकादमाकडे वळून हाताने खूण केली, उभी आहे अजून, चालू दे.

माझा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आधी नेहमीसारखा, मग सारखा. मग त्याने ब्रेक दाबले. पण खडीने भरलेली गाडी उतारावर अशी सहज थांबत नसते.

ससाण्याला मी दिसले तेव्हा मी फार जवळ होते. कातळच हलतोय असे त्याला वाटले असावे. त्याने हात वर केला, यंत्रवाल्याने यंत्र बंद केले, खिंडीत शांतता झाली. आणि त्या शांततेत त्याच्या तोंडून वर्षानुवर्षांचे ते शब्द निघालेच नाहीत. कसे निघणार? पिवळे हलले नव्हते. तो ओरडला, "मामा!"

यंत्र बंद होताच बाकीच्यांनी उड्या मारल्या. मुकादम वाकून रुळाला हात लावून बसला होता. लाइनीवर जावयाने त्याला कधी मामा म्हटले नव्हते. त्याने उडी मारली नाही. तो सरळ झाला आणि काय झाले म्हणून जावयाकडे बघू लागला.

पुढचे मी सांगत नाही. मी सगळ्यात जवळ होते एवढेच सांगते.

मला शेडमध्ये आणून उभे केले. चौकशी माझ्यासमोरच झाली. एक टेबल मांडले, त्यामागे बाहेरून आलेले दोन अधिकारी. समोर ससाणा. एका बाजूला गँग, एका बाजूला ताई आणि चिमणी. रंगसाहेब मागे भिंतीला टेकून उभा होता.

"तुम्ही इंजिन बघितलं नाहीत?" एका अधिकाऱ्याने विचारले. आवाज सौम्य होता.

"बघितलं. उभं होतं."

"ते दुसरं इंजिन. जे येत होतं ते?"

"ते कातळासारखंच होतं, साहेब. मला कातळ दिसला."

"तुमचे डोळे तपासून घेतले. नजर उत्तम आहे."

"हो."

"नजर उत्तम. समोर लाइन सरळ. मग लक्ष नव्हतं असंच म्हणावं लागेल ना?"

ताईला राहवले नाही. ती पुढे आली. "साहेब, ही सगळी गँग पिवळ्यावर चालायची. पिवळं उभं असलं तर काम, हललं तर बाहेर. तो पिवळा मी घासून काढला. ह्या हातांनी."

अधिकाऱ्याने तिचे पूर्ण ऐकून घेतले. "असा नियम होता का?"

"नियम नव्हता. पण सगळ्यांना माहीत होतं."

"मग रंग बदलायच्या आधी कुणी तसं सांगितलं का?"

गँगमधले सगळे खाली बघू लागले. रंगसाहेबाने डोळे मिटून घेतले. नियम केला होता मुकादमाने आणि तो कुठे लिहून ठेवायची त्याला गरज वाटली नव्हती. रोज उजाडल्यावर दिसणारी गोष्ट कोण लिहून ठेवतो?

ठपका ससाण्यावर आला. त्याला लाइनीवरून काढून शेडच्या फाटकावर बसवले. नोकरी राहिली, पण ससाणा हे नाव गेले. त्या नावाने हाक मारायची कुणाची जीभ उचलेना. काही दिवसांनी कंपनीने सगळ्या इंजिनांच्या माथ्यावर एक झगझगीत दिवा बसवला, जो दिवसाही जळत राहायचा. का बसवला हे कुणी सांगितले नाही. तोवर ताईचा भाऊ इतका खंगला होता, की फाटकावर बसून त्याला पाच पावसाळे झाले असावेत असे वाटे.

चिमणी घर सोडून गेली नाही. रोज डबा घेऊन यायची. पूर्वी दोन असायचे, आता एक. तो फाटकाच्या भिंतीवर ठेवायची आणि परत फिरायची. एकदाच ती थांबली. मी जवळच उभी होते म्हणून ऐकले.

"मला एकच सांग," ती म्हणाली. "तुला दिसलं नाही, की तू बघितलं नाहीस?"

त्याने भिंतीवरचा डबा जवळ ओढला. "माहीत नाही," म्हणाला. "सगळे म्हणतात बघितलं नाही. नसेल बघितलं."

ती गेली. त्यानंतर तिने कधी विचारले नाही आणि त्याने कधी सांगितले नाही. ताई म्हणायची, त्यांच्या घरात भांडण झाले असते तरी बरे. भिंती तरी बोलल्या असत्या. नवरा-बायको एका ताटाच्या दोन बाजूंना बसून जेवायचे, मीठ हवे असले तर उठून घ्यायचे.

धाकटी राखाडी झाली. मग बाकीचीही. सगळी ताईनेच रंगवली. दुसरे काय करणार होती? पोटाला तर हवे होते. पण त्या यंत्राचा तिला पुन्हा कधी लळा लागला नाही. रंगवून झाल्यावर ती आमच्यात तोंड बघायची नाही.

वर्षे गेली आणि रेल्वे पुन्हा विकली गेली. तिसऱ्या मालकाने रंग लावलाच नाही. त्याने चित्रे छापलेला प्लास्टिकचा पातळ कागद आमच्या अंगाला चिकटवला. ताई निरोपाच्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाली, "ही काय रंगवली? ही तर बांधून दिली!" आणि आपले ब्रश एका फडक्यात गुंडाळून घरी गेली. थोड्याच दिवसांत नवी इंजिने आली. खिंडीत माणसांऐवजी भले मोठे यंत्र फिरू लागले. फाटकाला आपोआप उघडणारा दांडा आला आणि ताईचा भाऊही घरी बसला. आम्हा दोघींना गवतात ढकलून दिले. माझ्या खिडक्या फुटल्या. पावसाचे पाणी आत साचायचे. कुणी ढुंकून बघत नव्हते.

मग या तिसऱ्या कंपनीला आपला जुना इतिहास आठवला. त्यांनी आम्हाला इथे, कचेरीसमोरच्या हिरवळीवर आणले. मला पहिल्या मालकाचे हिरवे अंग आणि पिवळे तोंड दिले. धाकटीला दुसऱ्या कंपनीचा राखाडी. दोघींना शेजारी शेजारी उभे केले. समोर फलक लावला, तो तुम्ही वाचताच. कुठला मालक, कुठले रंग, कुठली अक्षरे, सगळे नीट दिले आहे. मुकादमाबद्दल एक अक्षर नाही. जो पिवळा रंग धावत्या इंजिनावर हवा होता, तो आता माझ्यावर आहे, आणि मी जागची हलत नाही.

गेल्या वर्षी एका ढगाळ दुपारी तीन म्हातारी माणसे आली. मी त्यांना चालीवरूनच ओळखले. ताई पुढे. तिने आल्या आल्या माझ्या अंगावर नख ओढले आणि म्हणाली, "अस्तर मारलंच नाही मेल्यांनी. दोन वर्षांत पापुद्रे निघतील." तिचा भाऊ मात्र आमच्याकडे पाठ करून हिरवळीच्या कठड्यावर बसला. त्याला यायचेच नव्हते, ताईनेच हट्टाने आणले होते. चिमणीने फलक पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला. तिचे केस पांढरे झाले होते.

"ताई," ती म्हणाली, "तेव्हा असेच होते का हे रंग? अगदी असेच?"

"पिवळा थोडा गडद होता. राखाडी हाच."

चिमणीने पिशवी खांद्यावर सरळ केली आणि ती कचेरीच्या सरळ रस्त्याने चालू लागली.

"अगं, कुठे निघालीस?" ताईने विचारले. ती चालतच राहिली, पार रस्त्याच्या टोकाला, मोठ्या फाटकापाशी गेली. तिथे वळली. कपाळावर हाताचा आडोसा धरून आमच्याकडे बघत उभी राहिली. आमच्या मागे कचेरीची सिमेंटची भिंत आहे आणि त्या दिवशी त्यावर तसलेच आभाळ होते. ती किती तरी वेळ उभी होती. मग तशीच चालत परत आली. तिला धाप लागली होती. ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तिथून एकच दिसतं," ती म्हणाली.

त्याने मान वर केली. "काय?"

"इंजिन. दोन आहेत ना इथे? तिथून एकच दिसतं. मी बघत होते. डोळे फाडून बघत होते. तरी एकच दिसतं."

"मी बघत होतो गं," तो म्हणाला. "मी बघतच होतो."

"हो," चिमणी म्हणाली. ती त्याच्या शेजारी कठड्यावर बसली. ताई माझ्या मागे जाऊन उभी राहिली आणि पदराने तोंड झाकून घेतले. तरुणपण गेले होते, बाप गेला होता, एका छपराखाली मुक्याने काढलेली वर्षे गेली होती. ती कुणी परत आणून देणार नव्हते. पण ती उठली तेव्हा तिने त्याला हात दिला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्या हाती जुन्या वस्तू येतील, जुनी घरे, जुनी यंत्रे, जुने रस्ते. त्यांना नवे रूप द्यावेसे वाटेल. द्या. माझी त्याला ना नाही, रंग काही कुणाला जन्माला पुरत नाही. पण पुसायच्या आधी त्या वस्तूपासून लांब चालत जा, जिथून कुणीतरी रोज तिच्याकडे बघत असते तिथपर्यंत जा, आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाला विचारा. तो तिथे उभा आहे, तोवरच विचारा.